जुने व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक : त्यांचा संग्रह आणि त्यांवरील वादन

ज्या पेटीत दिवे लागतात, परंतु त्या दिव्यांच्या उजेडाचा कोणास काही उपयोग नसतो, अशी पेटी आजच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिलीही नसेल. त्यांच्या आजोबांनी मात्र ती पाहिलेली आहे. लग्नाच्या मांडवात, भजनाच्या सप्ताहात, नाताळच्या उपासनेत किंवा निवडणुकीच्या सभेत एका कोपऱ्यातील टेबलावर ही लोखंडी पत्र्याची जड पेटी ठेवलेली असे. तिच्या जाळीतून आतील काचेच्या नळ्या तांबूस दिसत, आणि तिच्यावर हात टेकला तर तो चटकन मागे घ्यावा लागे. मांडववाले तिला 'मशीन' म्हणत, शिकलेले लोक 'अ‍ॅम्प्लिफायर' म्हणत. ग्रंथांतील मराठीत तिला ध्वनिवर्धक हे नाव आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील किती तरी माळ्यांवर अशा पेट्या अजून धूळ खात पडलेल्या असतील, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांपैकी काही तांब्याच्या व लोखंडाच्या भावाने भंगारात जात असतील.

इकडे आमच्या शाळेत गिटार वाजविणारी मुले प्रतिवर्षी वाढत आहेत. त्यांपैकी काहींनी आम्हांस विचारले की, परदेशातील नामांकित वादक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ध्वनिवर्धक शोधून, मोठी किंमत देऊन विकत घेतात व त्यांवरच वाजवितात, ते का? नवे यंत्र हलके, स्वस्त आणि निर्दोष असताना जुन्याचा हा हव्यास कशासाठी? प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर देताना पदार्थविज्ञान, इतिहास व थोडी गृहव्यवस्था ह्या तिन्हींचा उपयोग होतो. म्हणून त्याचा येथे विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. विजेच्या गिटारीत तारेखाली एक लोहचुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात तशाच कंपाची वीज उत्पन्न होते. पण ती किती? व्होल्टचा लहानसा हिस्सा. एवढ्या विजेने स्पीकरचा कागदी पडदा हलावयाचा नाही. ह्या दुबळ्या विजेस बळ देणे हे व्हॉल्व्हचे काम होय. जॉन अ‍ॅम्ब्रोझ फ्लेमिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली दोन भागांचा व्हॉल्व्ह केला, आणि लवकरच, १९०६ साली, अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट याने त्यात तिसरा भाग घातला. तो तिसरा भाग म्हणजे एक विरळ जाळी. सारे रहस्य त्या जाळीत आहे.

ओलिताच्या शेतात दारे धरणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. विहिरीवरील पंपाचे पाणी पाटाने जोरात येत असते. ते पाणी काही त्या मुलाने उपसलेले नसते. तो केवळ फावड्याने मातीचा बांध थोडा फोडतो, थोडा लिंपतो, आणि त्याच्या हाताच्या अल्प श्रमाने एवढा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या तारेजवळील भागातून इलेक्ट्रॉन निघतात व शेकडो व्होल्टच्या ओढीने पलीकडील पत्र्याकडे धावतात. तो पाट होय. मधली जाळी हे फावडे होय, आणि गिटारीतून आलेली चिमूटभर वीज हा तो मुलगा होय. एका व्हॉल्व्हने तिचे बळ सुमारे ५० पट वाढते. ते दुसऱ्यास दिले की पुनः तसेच. शेवटी मोठे व्हॉल्व्ह व एक ट्रान्सफॉर्मर मिळून स्पीकरचा पडदा हलवितात. आतील तार तापण्यास वीस-तीस सेकंद लागतात, म्हणून जुने यंत्र कळ दाबताच बोलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत विजेची गिटार १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजारात आली, आणि तीही मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवावयाची हवाईयन पद्धतीची. तिच्यासाठी केलेले ध्वनिवर्धक लहान, १० ते १५ वॅटचे असत. त्यांच्या कारागिरांची इच्छा एवढीच होती की, तारेचा आवाज जसा आहे तसा मोठा व्हावा. परंतु वादकांनी त्या लहान पेट्यांकडून त्यांच्या कुवतीबाहेरचे काम घेण्यास आरंभ केला. मग काय झाले? पाटात जितके पाणी आहे त्याहून अधिक कोणतेही दारे सोडू शकत नाही. कंपाचे उंच शेंडे व्हॉल्व्हला पेलवेनात; ते माथ्यावर दबले. मात्र व्हॉल्व्हमध्ये हे शेंडे एकदम कापले जात नाहीत, हळूहळू गोलावतात, आणि त्या गोलाव्यामुळे मूळ स्वरात त्याच्या दुपटीचे, तिपटीचे सूर मिसळतात. आवाज भरदार होतो, किंचित खरखरतो, तार अधिक वेळ गाते. कीर्तनकाराचा गळा तापल्यावर त्यास जो एक रंग चढतो, त्याच्याशी ह्याची तुलना करता येईल.

शास्त्रीय दृष्ट्या हा दोष आहे, आणि कारागिरांनी तो दोषच मानला. १९५१ साली अमेरिकेतील मेंफिस शहरी 'रॉकेट ८८' ह्या गीताचे ध्वनिमुद्रण झाले, त्या वेळी गिटारवाल्याच्या ध्वनिवर्धकास प्रवासात इजा झाली होती. फाटलेल्या पडद्यात कागद कोंबून काम भागविले, असे सांगतात. त्या घरघरणाऱ्या आवाजावर श्रोते लुब्ध झाले. दोषाचा गुण झाला तो असा.

ह्याहूनही बोधप्रद हकीकत बेस गिटारीची आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील रेडिओ-दुरुस्ती करणारा गृहस्थ. त्यास स्वतःस गिटार वाजविता येत नसे. त्याने १९५१ साली विजेची बेस गिटार काढली आणि पुढल्याच वर्षी तिच्यासाठी 'बेसमन' नावाचा ध्वनिवर्धक केला. साध्या गिटारीची सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारे ८२ वेळा कंप पावते. बेसची सुमारे ४१ वेळा, म्हणजे बरोबर निम्मी. खर्जाचा सूर ऐकू येण्यास हवा अधिक ढकलावी लागते. त्यासाठी मोठा पडदा, बंद पेटी व पुष्कळ अधिक शक्ती लागते. बेसमनची शक्ती त्या कामास अपुरीच पडे. पण साध्या गिटारवाल्यांनी तो घेऊन पाहिला, आणि त्यांस तो इतका आवडला की, बेससाठी केलेले यंत्र गिटारीचे म्हणूनच प्रसिद्धीस आले. लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. त्याच्या कारागिरांनी १९६२ साली ह्याच बेसमनच्या रचनेवरून आपला पहिला ध्वनिवर्धक बनविला, आणि पुढे त्या मार्शल नावाचा जगभर बोलबाला झाला. बेसवाल्यांची सोय निराळ्यांनी केली. अ‍ॅम्पेग कंपनीने १९६९ साली ३०० वॅटचे एक प्रचंड यंत्र काढले. ते उचलण्यास दोन माणसे लागत. म्हणून आम्ही बेस वाजविणाऱ्या मुलांस आवर्जून सांगतो की, लहान जुन्या पेटीवर मोठ्याने बेस वाजवू नये. आधी पडदा फाटतो, मग डोळे उघडतात.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर सिद्ध झाला, आणि व्हॉल्व्हचे दिवस भरले. रेडिओ व सभेची यंत्रे पुढील पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या स्वाधीन झाली. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. ट्रान्झिस्टरवर कुवतीबाहेरचा भार पडला की तो कंपाचे शेंडे कात्रीने कापावे तसे कापतो, आणि कान किटतात. आजही रशिया, स्लोव्हाकिया व चीन ह्या देशांत व्हॉल्व्ह तयार होतात, ते बहुतांशी संगीताच्या हौशीमुळेच.

आपल्या देशात ही कथा निराळ्या वाटेने गेली, आणि तिचा एक धागा आमच्या वर्ध्यास येऊन पोहोचतो. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमध्ये एक व्यापारी पेढी काढली. ती पुढे मुंबईस आली व 'शिकागो रेडिओ' ह्या नावाने ध्वनिवर्धक पुरवू लागली. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत लाखो लोकांपर्यंत वक्त्याचा शब्द पोहोचला तो ह्याच यंत्रांच्या द्वारे. त्या काळच्या पुढाऱ्यांची छायाचित्रे पाहा. मुखासमोरील मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी वारंवार दिसेल. १४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने वर्ध्यास जो ठराव केला, तोच ८ ऑगस्ट रोजी मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत' म्हणून मंजूर झाला. वर्ध्याच्या बैठकीत ठरलेली गोष्ट तेथील अफाट समुदायास ऐकू गेली ती काचेच्या नळ्यांतून तापून निघूनच. पुढे गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविल्याबद्दल उषा मेहता यांस चार वर्षांचा कारावास झाला. त्याच खटल्यात शिकागो रेडिओचे नानक मोटवाने हेही आरोपी होते, परंतु ते निर्दोष सुटले. ध्वनिवर्धक ही केवळ करमणुकीची वस्तू आहे असे ज्यांस वाटते त्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

वाद्यवादनाकडे पाहता, लखनौचे व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजवून तिला घरोघर नेले, आणि त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचा अ‍ॅकॉर्डियन साथीस होता. हे दोघेही ख्रिस्ती कुटुंबांतील होत, हे येथे सांगितल्यास गैर होणार नाही; उपासनेतील गायनाने कान तयार झालेली अशी पुष्कळ माणसे मुंबईच्या चित्रपटसंगीतात होती. परंतु त्यानंतरच्या तरुण वाद्यवृंदांची अवस्था बिकट होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे फेंडर किंवा मार्शल आणणे सामान्य मुलास अशक्य होते. मुंबईत १९७० व १९७१ साली 'सिमला बीट' ह्या नावाने वृंदांच्या स्पर्धा झाल्या. त्या काळच्या वादकांपैकी अनेकांनी सभेच्या ध्वनिवर्धकावर किंवा शेजारच्या रेडिओवाल्याने जुळवून दिलेल्या पेटीवर आपली हौस भागविली. मुंबई-कोकणातील बेंजो पार्ट्यांचेही तसेच. बेंजो हे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया येथे निघालेल्या 'ताईशोगोटो'चे ते वंशज. त्यास आपल्या लोकांनी विजेचे वेटोळे बसविले आणि गणपतीच्या मिरवणुकीत कर्ण्यांतून वाजविले. गिटारवाला ज्या खरखरीसाठी मोठी किंमत मोजतो, ती खरखर बेंजोवाल्यास कर्ण्यातून फुकट मिळाली!

तेव्हा वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने संग्रह करावयाचा तर कशाचा करावा? आमचे मत स्पष्ट आहे. परदेशी नावांच्या मागे लागू नये. त्यांच्या किमती अवाच्या सवा झालेल्या आहेत. शिवाय अमेरिकन यंत्र तेथील सुमारे ११७ व्होल्टच्या विजेसाठी केलेले असते. ते आपल्या २३० व्होल्टला लावले तर क्षणात जळते, त्यास मध्ये निराळा ट्रान्सफॉर्मर द्यावा लागतो. त्यापेक्षा आपल्याच गावात निघणारे शिकागो रेडिओचे, १९४० साली दिल्लीस स्थापन झालेल्या अहुजा कंपनीचे, किंवा एखाद्या अनामिक कारागिराने जुळविलेले यंत्र पाहावे. त्यात कदाचित बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने केलेले व्हॉल्व्ह मिळतील. ही सरकारी कंपनी १९५४ साली निघाली, आणि देशाच्या रेडिओंना तिने व्हॉल्व्ह पुरविले. सभेच्या यंत्रावर गिटार अगदी गोड वाजते. मात्र एक गोष्ट तपासावी. ह्या यंत्रांच्या मागे लांबवरच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची जोडणी असते. साधा ८ ओहमचा स्पीकर तीस लावू नये, त्याच्यासाठी असलेल्या खुणेसच लावावा. आणि स्पीकर न जोडता तर यंत्र कधीच चालवू नये, कारण भार नसेल तर शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळून जातो, आणि त्याचे वेटोळे पुनः भरून देणारे हात आता दुर्मिळ झाले आहेत.

आता जे सांगावयाचे ते विशेषतः पालकांसाठी आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० ते ४५० व्होल्टची एकदिश वीज खेळत असते. घरातील विजेचा धक्का भयंकर खरा, पण ही त्याहून वाईट. आणखी वाईट गोष्ट अशी की, भिंतीतून वायर काढून घेतल्यावरही ती वीज आतील मोठ्या कंडेन्सरांत साठून राहते, कधी काही मिनिटे, कधी फार वेळ. 'बंद आहे' म्हणून आत बोट घालणारा मनुष्य प्राणास मुकतो. सबब, कोणत्याही विद्यार्थ्याने, तो विज्ञानात पहिला असला तरी, यंत्राचे तळचे झाकण एकट्याने उघडता कामा नये. हे काम जाणत्या कारागिराचे. तो प्रथम योग्य रोधाच्या साहाय्याने कंडेन्सर रिकामे करतो, मीटरने खात्री करून घेतो, आणि मगच डाख देण्याची सळई हाती धरतो. जुन्या कारागिरांची एक हात खिशात ठेवण्याची सवय मुलांस गमतीची वाटते. परंतु वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये हृदय लागते, हे त्या सवयीचे कारण आहे.

कित्येक वर्षे पडून असलेले यंत्र थेट विजेस लावणे हीही मोठी चूक आहे. पडून राहिल्याने कंडेन्सर आतून सुकतात व निकामी होतात. आमच्याकडील रेडिओवाले यंत्राच्या वाटेत साधा ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा जोडतात. त्यास ते 'सिरीज लॅम्प' म्हणतात. यंत्र ठीक असेल तर दिवा क्षणभर पेटून मंद होतो. आत कोठे वीज परस्पर जुळली असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो, आणि यंत्र मात्र वाचते. चार आण्यांची ही युक्ती हजारोंच्या उपकरणास हार जात नाही. कंडेन्सर व कुजलेली दोन पिनांची वायर खुशाल बदलावी. वायर तीन पिनांची घालून पत्र्याच्या पेटीस अर्थिंग द्यावे. येथे जुनेपणाचा आग्रह धरणे मूर्खपणाचे होय. ट्रान्सफॉर्मर, मूळ स्पीकर, पेटी व तिच्यावरील अक्षरे मात्र शक्यतो जशीच्या तशी राखावी, आणि जे काढले ते लिफाफ्यात घालून पेटीतच ठेवावे, म्हणजे पुढच्या मनुष्यास मूळ रचना कळेल. आमच्या हवेत तीन शत्रू आहेत : मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, ज्यात यंत्राभोवती वारा खेळता हवा, पावसाळ्यातील ओल, जी ट्रान्सफॉर्मरच्या कागदात शिरते, आणि वाळवी, जिला लाकडी पेटी ही मेजवानीच वाटते. उंदरांविषयी लिहीत नाही, कारण ते सर्वांस ठाऊक आहेत.

काचेच्या कपाटात ठेवलेले यंत्र आम्हांस आवडत नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात १९३८ पासून ग्रामोद्योगाची साधने लोकांपुढे मांडलेली आहेत. चरखा पाहून जे कळते त्याहून तो फिरताना पाहून किती तरी अधिक कळते, हे तेथे गेलेल्या प्रत्येकास पटेल. ध्वनिवर्धकाचे तर ह्यापेक्षाही तसे आहे, कारण न वाजविल्याने तो खराबच होतो. महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवावा. त्यासाठी मोठा आवाज करण्याची आवश्यकता नाही. येथे एक मौजेचा नियम आहे : वॅट दहापट केले तर कानास आवाज केवळ दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॅटचे यंत्र १० वॅटच्या यंत्राहून दुप्पटच मोठे वाटते, पण किमतीने, वजनाने व शेजाऱ्यांच्या रागाने ते दुपटीवर थांबत नाही. घरी व उपासनेत १० वॅट पुरेसे होतात, आणि लहान यंत्र थोड्या आवाजातच तापून तो भरदार रंग देते, हा लाभ निराळा. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, हेही येथेच सांगून टाकतो.

शेवटी पालकांस एक विनंती. माळ्यावर, देवळाच्या किंवा गिरिजाघराच्या खोलीत, जुन्या मांडववाल्याच्या गोदामात अशी पेटी असेल, तर भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी ती पुसून तिचे नाव, व्हॉल्व्हवरील आकडे आणि ती कोणत्या प्रसंगी वाजली हे एका कागदावर लिहून ठेवावे. तिची दुरुस्ती करणारा कारागीर अद्याप हयात असेल तर त्याची दोन वाक्येही लिहून घ्यावी. पेटी नको असल्यास शाळेच्या विज्ञानखोलीत आणून द्यावी, वायर न लावता.